बायकांच्या कमानीतली जागा

डॉक्टरांनी सांगितलं, "घरी न्या आणि त्या जे मागतील ते द्या." असं बोलताना डॉक्टर लोक भिंतीकडे बघतात, हे वग्दीला तोवर कळून चुकलं होतं. त्याला वाटलं, आपली बायको इन्शिराह आता समुद्रावर बसून तळलेले मासे मागेल. यकृत पार गेलेल्या माणसाला तळलेलं चालत नाही, पण आता काय चालतं नि काय नाही हे कुणी बघायचं! मासे राहिले बाजूला. तिनं माहेर मागितलं.

"कफ्र नुअमान?" वग्दी म्हणाला. "त्या घराची पायरी चढणार नाही, अशी शपथ तूच घेतली होतीस."

"राहायला नाही जायचं. जागा मागायला जायचंय."

कसली जागा, हे त्यानं विचारलं नाही. नुहा तिथं होती.

नुहा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांची असताना ईदसाठी तिला आजोळी नेली होती. मोठा मामा दसूकी तिच्यावर जीव टाकायचा. सकाळी त्यानं तिला गाढवावर पुढ्यात बसवून शेतावर नेलं, कालव्याकाठच्या उंबराखाली बसवलं आणि पाणी फिरवायला दोन वाफे पलीकडे गेला. एवढंच. लहान मूल ज्या गावात दगावतं त्याच गावात, त्याच दिवशी दफन करायची पद्धत. नुहाही माहेरच्या घराण्याच्या कबरीत, बायकांसाठी वेगळ्या बांधलेल्या कमानीत गेली. दुसऱ्या दिवशी बायका सांत्वनाला बसलेल्या असताना दसूकी दारात आला. तेव्हा इन्शिराह सगळ्यांदेखत म्हणाली, "माझी मुलगी मागून नेलीस आणि ओली आणून दिलीस." दसूकी तसाच मागं फिरला. त्यानंतर भावाबहिणीत शब्द नाही. नुहा आज असती तर तिलाच मुलं असती.

आता माहेरच्या त्या कमानीत, मुलीच्या शेजारी, इन्शिराहला जागा हवी होती. आणि घरातला सगळ्यात मोठा म्हणून ती द्यायची की नाही हे दसूकीच्या हातात होतं.

वग्दी 'बरं' म्हणाला. दुसरं म्हणणार काय? पण त्याच्या मनात वेगळाच हिशोब मांडून झालेला होता. अलेक्झांड्रियात त्याच्या बापाच्या कबरीशेजारी जागा होती. तो गाद्या-सोफे शिवणारा माणूस. आयुष्यभर लोकांच्या बसण्या-निजण्याची सोय लावली, तशी ही स्वतःचीही लावून ठेवली होती. ती आधी गेली तर दर शुक्रवारी ट्रामनं जायचं, खजुराची फांदी ठेवायची, गल्लीतल्या चार भानगडी तिला सांगायच्या आणि परत यायचं. मग एक दिवस परत यायचं नाही. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण कफ्र नुअमानला तिला ठेवली की संपलं. त्याचे गुडघे असे, तो वर्षातून एकदा तरी पोचेल का! तिथं गेली म्हणजे ती गेलीच.

हे तिला सांगायची त्याची छाती झाली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं कबरीवर वाटायच्या गोड पावांचं पीठ मळलं. या पावांना शुरैक म्हणतात आणि ते विकतचे चालतात. सगळी अलेक्झांड्रिया विकतचेच नेते. पण ही बाई मधे मधे भिंतीला टेकून श्वास घेत पीठ मळत बसली. वग्दी म्हणाला, "दे इकडं." तर म्हणाली, "सोफ्यात कापूस कोंबायचा नाहीय."

दोन तासांचा प्रवास, पण त्यांनी त्याला अख्खा दिवस लावला. वेगाच्या गाडीत तिला मळमळायचं, म्हणून प्रत्येक खांबाला थांबणारी गाडी धरली. दमनहूरच्या स्टेशनात उतरल्यावर ती बाकावर आडवी झाली आणि तिच्या उशाशी वग्दी पिशवी सांभाळत बसला. दोन मायक्रोबस जाऊ दिल्या. मग तिसरी धरली. तीही तिनं वाटेत दोनदा थांबवली. पहिल्यांदा उलटी होईल असं वाटून आणि दुसऱ्यांदा नुसतं बघायला. ड्रायव्हर कुरकुरला तेव्हा म्हणाली, "बाळा, तुझी घाई मला दे, मला तिचा काही उपयोग नाही." तो बिचारा गप्पच झाला. भाताची कापणी चालली होती, पेंढा रस्त्यावर वाळत घातला होता, आणि पेरूच्या बागा लागल्या तशी सगळी बस पेरूच्या वासानं भरून गेली. इन्शिराह काचेला कपाळ टेकून हे सगळं बघत होती. वग्दी तिच्याकडे बघत होता.

"आणि एक," ती काचेकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "चहा आला की हात लावायचा नाही."

"माहीत आहे मला."

"तुला काही माहीत नाही. तुम्ही शहरातली माणसं. तुमच्याकडे चहा म्हणजे चहा. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस चहा समोर तसाच ठेवतो. घरवाला म्हणतो, घ्या. तो म्हणतो, आधी माझं काम. मग घरवाल्याला हो तरी म्हणावं लागतं, नाहीतर पाहुण्याला तहानलेला परत पाठवला म्हणून गावात तोंड लपवावं लागतं. दसूकी सरळ विचारलं तर नाही म्हणेल. पण भरलेल्या पेल्यासमोर नाही म्हणायचा नाही. आमच्या बापाच्या बैठकीत असं कधी झालेलं नाही."

"मग तूच ठेव तुझा पेला."

"बाईनं ठेवला तर तो नुसता गार होतो, वग्दी. पुरुषाचा पेला मोजतात. तू प्यायलास की मागणं नव्हतंच असा अर्थ. नंतर तोंड उघडलं तर फजिती आपली."

"नाही पिणार," वग्दी म्हणाला.

कफ्र नुअमानच्या पुलावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. चहाच्या दुकानापुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून पाहिलं आणि हाक मारली, "या, या अबू नुहा! रस्ता चुकलात की काय?" वग्दीला क्षणभर कळलंच नाही की हाक आपल्याला आहे. मूल गेलं तरी त्या मुलाचा बाप म्हणूनच माणसाला हाक मारायची, अशी इथली माया. अलेक्झांड्रियात तो गल्लीभर उस्ता वग्दी, कारागीर वग्दी. नुहाचा बाप तो फक्त या गावात होता. हे त्याला आवडलं की टोचलं, त्याचं त्यालाच ठरवता येईना.

दारात दसूकीची सून नगात उभी होती. तिनं हात झग्याला पुसले आणि "आत्या!" म्हणून इन्शिराहच्या गळ्यात पडली. लग्नानंतर तिनं या आत्याला आज पहिल्यांदा पाहिलं होतं, पण रडायला तिला ओळख लागली नाही. मग दसूकी आला. हजला जाऊन आल्यापासून त्याला सगळे हाज म्हणत. मोठ्या हाडाचा माणूस आता खांद्यात वाकला होता. बहिणीकडे त्यानं एकदा पाहिलं आणि पिवळे पडलेले डोळे, सुजलेले पाय, सगळं त्या एका नजरेत बघून घेतलं. गुरं राखणाऱ्या माणसाला आजार ओळखायला वेळ लागत नाही.

"आलात," तो म्हणाला.

"आलो," इन्शिराह म्हणाली.

एवढ्या वर्षांनी भावाबहिणींचं एवढंच बोलणं झालं. मग पाहुण्यांच्या खोलीत सगळे लांब बाकांवर बसले आणि पीकपाणी, उष्मा, रेल्वेचे हाल असलं बोलणं सुरू झालं. वग्दी नाकासमोर बघून 'हो ना' म्हणत राहिला. नगातनं चहा आणला. काळा, कडक, पेल्याच्या तळाशी बोटभर साखर. एक पेला वग्दीपुढे, एक इन्शिराहपुढे.

"घ्या," दसूकी म्हणाला.

वग्दीनं हात मांडीवर ठेवले. इन्शिराहनंही ठेवले.

दसूकीचं बोलणं थांबलं. त्यानं एकदा पेल्याकडे, एकदा वग्दीकडे पाहिलं. हे काय आहे हे त्याला न कळायला तो काही अलेक्झांड्रियाचा नव्हता. "घ्या, गार होतोय," तो पुन्हा म्हणाला, पण आवाज उतरला होता.

आता वग्दीनं म्हणायचं होतं, 'आधी आमचं काम, हाज.' एवढे चार शब्द. शेजारी इन्शिराहचा श्वास अडकलेला त्याला ऐकू येत होता. दसूकी पुढे सरकून बसला. त्याची हनुवटी थरथरायला लागली आणि डोळे भरून आले. वग्दीनं स्पष्ट पाहिलं, की हा माणूस हो म्हणणार आहे. हा किती वर्षं हो म्हणायला बसलेला आहे. विचारायचा अवकाश, की हा उठून बहिणीला छातीशी धरील, आणि मग झालं. मग इन्शिराह इथली.

वग्दीनं पेला उचलला आणि प्यायला. जीभ भाजली तरी थांबला नाही, तळाची साखर दिसेपर्यंत प्यायला.

दसूकी हळूच मागं सरकला. चेहऱ्यावर आलेलं सगळं त्यानं गिळून टाकलं आणि बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "पचो, गोड लागो. बरं झालं आलात. नुसतं भेटायलाही कुणी येत नाही आजकाल." मग त्यानं नगातला हाक मारून बदक कापायला सांगितलं.

इन्शिराहनं वग्दीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आपला पेला घेतला आणि गार झालेला चहा एकेक घोट करत सगळा संपवला. डॉक्टरांनी तिला चहा बंद केला होता.

रात्रीच्या जेवणाला बदक होतं, मातीच्या भांड्यात भाजलेला दुधातला भात होता, लोणच्याची वांगी होती. सगळे वग्दीला आग्रह करत होते आणि त्याच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. बायकोची मरणाआधीची एकच मागणी एका पेल्यात बुडवून आलेल्या माणसाला बदक कसं जाणार? त्याला वाटलं होतं आपल्याला सुटल्यासारखं वाटेल. ती आता आपली, अलेक्झांड्रियाची, असं मनात म्हणून पाहिलं. ते वाक्य त्याच्याच कानाला चोरासारखं लागलं.

शुक्रवारी सकाळी दोघं कबरस्तानात गेली. जवळच होतं, पण ती हळू चालत होती, आणि तो तिच्याहून हळू. या भागात हातभर खणलं की पाणी लागतं, म्हणून मातीवरच विटांच्या बुटक्या कमानी बांधतात आणि आत निजवतात. प्रत्येक घराच्या दोन कमानी, एक पुरुषांची, एक बायकांची, मधे भिंत. मेल्यावरसुद्धा पडदा सुटत नाही म्हणून वग्दी जवानीत हसायचा. आज तो त्या दोन दारांकडे बघून हसला नाही.

इन्शिराह बायकांच्या दाराशी मातीत बसली. दार विटांनी बंद केलेलं होतं, वर चुना. तिनं त्यावर तळहात ठेवला. मग पिशवीतले पाव काढून येणाऱ्या-जाणाऱ्यांना देत राहिली. "नुहासाठी," प्रत्येकाला सांगायची, "नुहासाठी फातिहा वाचा." लोक पाव घेत, ओठ हलवत प्रार्थना म्हणत आणि पुढं जात. एक म्हातारी म्हणाली, "ती हाज दसूकीची भाची ना, कालव्याची? तिच्या नावानं तर दर गुरुवारी हाज स्वतः वाटतो." इन्शिराहनं मान खाली घातली.

पिशवी रिकामी झाल्यावर ती वग्दीला म्हणाली, "उन्हात उभा राहू नकोस, इकडं बस." तो बसला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला तहान लागली होती," ती म्हणाली.

वग्दी मातीत बोट ओढत राहिला.

"माझंच चुकलं. दिवसभर पिशवी सांभाळत बसलास, पुलावर तुला उसाचा रस पाजायला हवा होता. माझं सगळं लक्ष माझ्यातच." मग थोडं थांबून म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या नशिबात तो पेला नव्हता."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर वग्दीला बरं वाटलं असतं. चिडली असती, रडली असती, तरी त्यानं झेललं असतं. पण बायकोनं आपल्यासाठी सबब शोधून आणावी, तीही या दाराशी बसून, हे त्याला सोसेना. माणूस इतका हलकट कसा होऊ शकतो, असं त्यानं आयुष्यात बऱ्याच जणांबद्दल म्हटलं होतं. स्वतःबद्दल म्हणायची वेळ आज आली.

दुपारच्या झोपेला घर निजलं तेव्हा तो उठला आणि पेरूच्या बागेत गेला. दसूकी तिथंच असणार हे त्याला नगातनं सांगितलं होतं. तो झाडाखाली काटक्यांवर काळाकुट्ट डबा ठेवून चहा उकळत बसला होता.

"ये, उस्ता. झोप नाही आली?"

"नाही, हाज."

दसूकीनं एका पेल्यात चहा ओतला आणि त्याच्यासमोर ठेवला. वग्दीनं तो पाहिला आणि हात मागं घेतले.

"पी."

"आधी माझं एक मागणं आहे."

दसूकी हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मागणं असलेली माणसं पहिल्या चहाला थांबतात. तू काल एका दमात संपवलास. मला वाटलं, तळाची साखरपण चाटतोस की काय."

"काल मी मुद्दाम प्यायलो."

"मुद्दाम?"

"तुम्ही हो म्हणणार होता. मला दिसलं. म्हणून प्यायलो."

दसूकीनं एक काटकी मोडली, विस्तवात टाकली. "म्हणजे तिनं मागू नये म्हणून?"

"ती इथं राहिली की मी तिथं एकटा. माझ्या बापाशेजारी जागा आहे आमची. मला वाटलं..." पुढे काय वाटलं ते त्याला सांगता येईना. "तुमच्यासमोर बसलोय. काय म्हणायचं ते म्हणा."

"माझी आई म्हणायची, इन्शिराहचा नवरा साधा आहे," दसूकी म्हणाला. "म्हातारीला शेवटी शेवटी दिसत नव्हतं."

वग्दीनं ते ऐकून घेतलं.

"तिला नुहाजवळ जागा द्या, हाज. ती तेवढ्यासाठी आलीय. तुमच्यापाशी मागता आलं नाही तर ती न मागताच जाईल, पण जाईल ती उपाशी."

दसूकीनं विस्तव सारखा केला. मग म्हणाला, "मी देणारा कोण रे? ती त्या घरात जन्मली. ती कमान तिच्या आईची, आजीची. तिला मागायला यावं लागलं, यातच माझं तोंड काळं झालं." त्यानं नाक पुसलं. "त्या दिवसापासून मी त्या कालव्यावर हात-तोंडसुद्धा धुतलेलं नाही. नमाजाआधी विहिरीवर जातो. हे तिला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"तिची जागा आहे. मुलीच्या उजवीकडे. कुणाला जाऊ दिलं नाही तिथं, माझ्या बायकोलासुद्धा दुसऱ्या कडेला ठेवली. बस?"

बस म्हणायला हवं होतं. पण वग्दीच्या तोंडून निघून गेलं, "आणि मी?"

दसूकीनं मान वर केली. रागावला नाही, उलट आवाज मऊ झाला. "पुरुषांच्या कमानीत आमचं रक्तच जातं. थोरल्या बहिणीचा नवरा इथलाच, माझ्या ताटात जेवणारा. त्यालाही दिली नाही. त्याला नाही आणि तुला दिली, तर त्याच्या पोरांपुढं मी कसा जाऊ?"

"बरोबर आहे."

"मनात धरू नकोस."

"बरोबर आहे, हाज. मी उगाच विचारलं."

"पी आता."

वग्दीनं पेला उचलला. या वेळी घोट घोट प्यायला.

परत आला तेव्हा इन्शिराह अंगणात उशीला टेकून बसली होती आणि नगात तिच्या पायांना तेल लावत होती. नगात उठून आत गेल्यावर तो खाली बसला आणि म्हणाला, "झालं काम. हाज हो म्हणाला. नुहाच्या उजवीकडे."

तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. नुसते डोळे दिसत होते. मग हात खाली आले आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "आणि तू?"

खरं सांगायची सवय त्यानं आजच लावून घेतली होती, आणि ती एका दुपारीच सुटली. "मीपण," तो म्हणाला. "पुरुषांच्या बाजूला. मधली भिंत काय, वीतभर."

"दसूकी म्हणाला असं? आपल्या तोंडानं?"

"आपल्या तोंडानं."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या त्या पिवळ्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की वग्दीला वाटलं, एवढ्यासाठी आणखी दहा वेळा खोटं बोलता येईल. रात्री ती भाऊ जेवत होता त्या ताटाशी जाऊन बसली. दोघं बोलली नाहीत. दसूकीनं बदकाचं काळीज तिच्या भाकरीवर ठेवलं, लहानपणी ठेवायचा तसं, आणि तिनं ते खाल्लं.

शनिवारी सकाळी निघायची वेळ झाली. दारात टुकटुक रिक्षा उभी होती, शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि दसूकी मागच्या बाजूला पेरूची पेटी दोरीनं बांधत होता. इन्शिराह सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली. मग भावाजवळ गेली, त्याचा खांदा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दसूकी, भाऊ माझ्या, देव तुझी मुलंबाळं सुखात ठेवो. मला दिलीस ती दिलीस, पण माझ्या माणसालाही आपल्यात जागा दिलीस. हे मी तिकडं गेल्यावरही सांगेन."

वग्दी पिशवी टुकटुकमध्ये ठेवता ठेवता थांबला.

बायका दसूकीकडे बघायला लागल्या. त्यात थोरल्या बहिणीची सूनही होती. दसूकीनं एकदा वग्दीकडे पाहिलं. खोटं म्हणावं तर बहिणीचं मन मोडतं, हो म्हणावं तर थोरलीच्या पोरांपुढं तोंड दाखवता येत नाही. पेटीची गाठ आधीच बसली होती. ती त्यानं सोडली आणि पुन्हा बांधायला लागला.

इन्शिराहचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला. मग तिनं तो काढून घेतला, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "चला, गाडी चुकेल." गाडी चुकण्यासारखी घाई त्यांना या प्रवासात एकदाही नव्हती.

टुकटुकमध्ये ती बोलली नाही. मायक्रोबसमध्येही बोलली नाही. दमनहूरच्या बाकावर आडवी न होता ताठ बसून राहिली. वग्दीनं पाणी पुढं केलं, ते घेतलं. गाडी आली, दोघं चढली, खिडकीची जागा मिळाली. शेतं मागं पडायला लागली तेव्हा ती म्हणाली, "दसूकीनं तुला नाही म्हटलं."

"हो."

"आणि तू मला खोटं सांगितलंस."

"हो."

"मी त्या घरात वाढले, वग्दी. थोरलीच्या नवऱ्याला नाही दिली, तुला कशी देणार? हे मला कळायला नको? पण तू म्हणालास आणि मी लगेच धरून बसले." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "परवा तुला तहान नव्हती."

तिला हे आत्ता कळलं होतं, बोलता बोलता. वग्दीनं मान हलवली. "नव्हती."

पुढच्या बाकावरची बाई मुलाला अंडं सोलून देत होती. गाडी एका खांबाला थांबली, कुणी चढलं नाही, पुन्हा निघाली. वग्दीनं तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही. मग त्याला राहवेना. अलेक्झांड्रियात, घरात, गल्लीत, इतके महिने जे बोलला नव्हता ते सगळं तो त्या डब्यात बोलला. "चल ना माझ्याबरोबर. माझ्या बापाशेजारी दोघांची जागा आहे. मी दर शुक्रवारी येईन. नुहाला आपण इतकी वर्षं ठेवलीच ना तिथं. ती सवयीची झालीय. मी कुठं जाऊ, इन्शिराह? मला कोण आहे? अजून काही बिघडलेलं नाही, तू फक्त हो म्हण, मी दसूकीला कळवतो."

ती ऐकत होती. तिचे डोळे वाहायला लागले आणि तिनं ते पुसले नाहीत. दुसऱ्या हातानं ती त्याच्या बोटांवरचे सुईचे जुने घट्टे चोळत राहिली.

"ती चार वर्षांची आहे, वग्दी," ती म्हणाली. "तिला दिवा मालवलेला चालायचा नाही. आठवतं? तू मोठा आहेस."

वग्दीला आठवत होतं. बाहेरून भाताच्या तुसाची धूळ आत येत होती आणि तिला खोकला लागला होता.

"हो," तो म्हणाला. "मी मोठा आहे." आणि उठून त्यानं तिच्या बाजूची खिडकी लावून घेतली.